शिवदासचं दहा रुपयांचं कार्ड

शिवदास वाव्हळबद्दल कोणी चांगलं बोललं की माझ्या पोटात दुखतं, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुठे तिखट जास्त पडलं तर समजून घ्या. भटवाडीत त्याला नावं ठेवणारा माणूस शोधून सापडला नसता. एक मी होतो, आणि मीसुद्धा ते मनातल्या मनातच करायचो.

मी काशीराम घाडी. घाटकोपर पश्चिमेला, भटवाडीच्या टेकडीच्या पायथ्याशी डॉक्टर वोरांचा दवाखाना होता. तिथे मी बावीस वर्षं कंपाउंडर. आताच्या लोकांना कंपाउंडर म्हणजे काय ते सांगावं लागतं. डॉक्टर आत तपासायचे आणि चिठ्ठी लिहायचे. ती चिठ्ठी खिडकीतून माझ्याकडे आली की मी पेशंटच्या बाटलीत औषध भरायचो, बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायचो, गोळ्यांच्या पुड्या बांधायचो आणि पैसे सांगायचो. पैसे किती, हे चिठ्ठीवर कुठेही लिहिलेलं नसे. कोपऱ्यात एक टिंब असलं तर अर्धे घ्यायचे, दोन टिंबं असली तर घ्यायचेच नाहीत. आडवी रेघ असली तर माणूस खाऊनपिऊन सुखी, त्याला थोडे चढवून सांगायचे. ही भाषा डॉक्टरांना आणि मला, दोघांनाच ठाऊक होती.

आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांच्या टिंबाशेजारी एखादं टिंब मीही ठेवून द्यायचो. टेकडीवरची माणसं, बहुतेक आमच्या कोकणातली, गिरणीत किंवा कंपनीत कामाला. कोणाच्या घरात काय शिजतं ते मला माहीत. लग्नाची पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवायचे आणि दुसरी माझ्याकडे आणायचे. खोटं नाही सांगत.

शिवदास वोरांकडे आला एकोणऐंशी साली. वीस-एकवीस वर्षांचा, काटकुळा. घर मूळचं जुन्नरकडचं, बौद्ध. वडील गिरणीत, हा बारावी सायन्सला गटांगळी खाऊन बसलेला. डॉक्टरांनी त्याला माझ्या हाताखाली दिलं. पट्टी दुमडून कात्रीने कशी कापायची की सगळे डोस सारखे पडतील, हे त्याला मी शिकवलं. पहिल्याच आठवड्यात तो माझ्यापेक्षा सुबक पट्टी कापायला लागला. गिऱ्हाईक माझ्यासमोर म्हणायचं, "ह्याची पट्टी बघा, कशी छापल्यासारखी!" मी हसायचो. दुसरं काय करणार? जातीचं मी तोंडाने कधी काढलं नाही. मनात काय यायचं ते माझं मला ठाऊक, आणि त्याचा मला आज अभिमान नाही.

टिंबांची भाषा मी त्याला दोन वर्षं सांगितली नव्हती. त्याने ती आपली आपण ओळखली. एके दिवशी दुपारी दवाखाना रिकामा असताना म्हणाला, "काशीदादा, टिंब मिळालं हे माणसाला कळतं ते पैसे सांगितल्यावर. घरून निघताना त्याला काय माहीत असतं?"

"निघताना कशाला माहीत पाहिजे?"

"माहीत नसलं तर निघतच नाही ना माणूस."

मी म्हटलं, तू फार शहाणा झालास, बाटल्या धू. त्याने गुपचूप बाटल्या धुतल्या. उलट बोलला असता तर बरं झालं असतं, मला रागावायला जागा मिळाली असती.

मग ब्याऐंशीचा संप झाला. त्याच्या वडिलांची गिरणी बंद पडली ती पडलीच. पगार गेला, आणि काही महिन्यांनी कामगार विम्याचा दवाखानाही गेला. विम्यात असेपर्यंत म्हातारा नेमाने डॉक्टरकडे जायचा. विमा सुटला तसं पोटात दुखत असूनही घरीच पडून राहायला लागला. खाजगीत किती लागतील याचा त्याने धसका घेतला होता. पोरगा डॉक्टरांच्या दवाखान्यात नोकरीला असून बापाने त्याला दुखणं सांगितलं नाही. मालकाकडे पोराची मान खाली जाईल म्हणून. अल्सर फुटून म्हातारा गेला तेव्हा कळलं. शिवदास जलदानविधी आटोपून कामावर आला. त्याला मी चहा पाजला, पाठीवर हात ठेवला. तेवढे चार दिवस मला त्याचं काही खुपलं नाही.

त्र्याऐंशीला समोरच्या चाळीत नवीन दवाखाना उघडला. डॉक्टर नलिनी खोपकर, तरुण बाई, शिकून नुकत्याच बाहेर पडलेल्या. शिवदास वोरांच्या पाया पडून तिकडे गेला. आठ दिवसांत त्या दवाखान्याच्या दारावर पाटी लागली: तपासणी इतके, इंजेक्शन इतके, ड्रेसिंग इतके. रंगवलेली, मोठ्या अक्षरांत. वोरा डॉक्टर रस्त्यापलीकडून ती पाटी बघत उभे राहिले आणि म्हणाले, "काशीराम, पेशंट काय तूरडाळ आहे, भाव लावायला?" मी म्हटलं, "थेरं आहेत साहेब, चार दिवसांची."

पण लोक जायला लागले. वोरांकडे जे पूर्ण पैसे देत होते ते पहिले गेले, कारण तिकडे स्वस्त पडत होतं. टिंबवाले आमच्याकडे राहिले.

खरा घाव पुढे बसला. पंच्याऐंशीच्या गुढीपाडव्याला शिवदासने कार्ड काढलं. कल्पना त्याची, सही डॉक्टरीणबाईंची. घरटी महिना दहा रुपये भरायचे. घरात माणसं किती का असेनात, महिनाभर तपासणी आणि दवाखान्यातलं औषध, वेगळे पैसे नाहीत. पिवळ्या पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर घरातल्या सगळ्यांची नावं. बाईंनी त्याला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. तोवर औषधांचा खर्च कार्डांतून निघाला तर चालू, नाही तर बंद.

रविवारी तो टेकडीवर घरोघर फिरायचा. आमच्या चाळीत आला तेव्हा मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. बायकांना सांगत होता, "भिशी लावता ना? तसंच समजा. भिशीत चिठ्ठी निघेल त्याला पैसे, इथे ताप येईल त्याला औषध. ज्याच्या घरी कोणी आजारी पडलं नाही त्याने नशीब समजायचं."

बायका हसल्या, त्यांना एका क्षणात पटलं. बावीस वर्षं मी त्या बायकांना औषध दिलं, पण असं चार वाक्यांत काही समजावता आलं नव्हतं मला. अंगाचा तिळपापड झाला. जूनपर्यंत दीडशेवर घरांनी कार्ड घेतलं. पत्रिका घेऊन येणारे माझ्या खिडकीवरून पुढे जाऊन त्याच्याकडे थांबायला लागले.

आता प्रेमाचं सांगतो. प्रेमा माझी बायको. तिला दम्याचा त्रास. बहात्तर साली वोरांनी तिला एकदा तपासलं होतं, तेव्हा दिलेलं औषध मी तसंच चालू ठेवलं होतं. दर सोमवारी बाटली भरून घरी न्यायचो. कंपाउंडरच्या बायकोने काय रांगेत बसायचं? माझी बाटली तिला लागू पडते, असं मी चारचौघांत सांगायचो, आणि तीही मान डोलवायची. आमची खोली टेकडीच्या मध्यावर, साठ-सत्तर पायऱ्या चढून. ती पाणी घेऊन चढायची तेव्हा मधे दोनदा थांबायची. मला वाटायचं, बायकांना थांबून गप्पा मारायची सवयच असते.

शिवदास आमच्या दारात आला तेव्हा ती म्हणाली, "अहो, आपणही घेऊया का कार्ड? दहाच रुपये तर आहेत."

"माझ्या हातचं औषध पुरत नाही का तुला?"

"तसं नाही हो."

"मग लोकांनी काय म्हणायचं? वोरांच्या कंपाउंडरची बायको समोरच्या दवाखान्यात?"

शिवदास बाहेर उभा होता, त्याने ऐकलं असणार. "येतो दादा," म्हणून तो पुढच्या खोलीकडे गेला.

मी भिशीचा विचार करत बसलो. आमच्या चाळीत एकदा भिशी बुडाली होती, कशी बुडाली ते मला आठवलं. ज्यांना पहिल्याच महिन्यात पैसे हवे असे गरजू सगळे त्यात शिरले होते आणि थांबू शकणारे कोणी उरले नव्हते. शिवदासच्या भिशीतही तेच करता येण्यासारखं होतं. धडधाकट घरं पैसे भरत होती आणि महिनोन्‌महिने फिरकत नव्हती, त्यावर त्याचं गाडं चाललं होतं. त्यात फक्त आजारीच घातले तर?

आणि टेकडीवर आजारी कोण, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

श्रावणात मी कामाला लागलो. दोन टिंबांचा पेशंट खिडकीशी आला की हळूच सांगायचो, "इथे असं फुकट, मिंधेपणाने किती दिवस येणार? तिकडे दहा रुपयांत अख्ख्या घराचं सगळं. तुमच्यासारख्यांना ते परवडेल." जुने दमेकरी, मधुमेहवाले, गिरणीतल्या कापसाने छाती भरलेले, फिटचं औषध रोज लागणारी मालन. एकेक करून पाठवले. चौतीस घरं. यादी कागदावर नव्हती, डोक्यात होती. वोरांना यात काही खटकलं नाही. त्यांचे फुकटचे पेशंट कमी होत होते. लोक माझे उपकार मानत होते. इतकं गोड वाईट काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

गणपतीपर्यंत शिवदासच्या दारात रांग वळसा घालून रस्त्यावर आली. औषधं संपायला लागली. साधा ताप-खोकला घेऊन येणारा दोन-दोन तास बसून कंटाळायचा. मी खिडकीतून बघायचो, आणि मला भूक चांगली लागायची.

मग धोंडू परब आला. परळच्या गिरणीत तीस वर्षं काढलेला म्हातारा, चौतिसांतला एक. मालवणीत म्हणाला, "काशीराम, तू सांगलंस म्हणान मी थंय गेलंय. बाईन छातीचो फोटो काढूक पाठवल्यान, नये गोळये दिल्यान. आता चढाव एका दमात चढतंय बघ! देव तुजा बरां करो रे."

त्याने मला आशीर्वाद दिला. तीन वर्षं धोंडू माझी बाटली पीत होता, आणि चढावावर तीनदा बसत होता. त्या संध्याकाळी प्रेमाने त्याला पायऱ्या चढताना पाहिलं. चहा देताना एवढंच म्हणाली, "धोंडूमामा कसे भरभर गेले आज." मी म्हटलं, "म्हातारा नाटकी आहे." तिने कप उचलून नेला.

दसऱ्याला डॉक्टरीणबाईंनी कार्ड पंधरा रुपये केलं, दुसरा इलाज नव्हता. आणि मी धरलं होतं तेच झालं. धडधाकट घरं म्हणाली, आमच्यात कोण आजारी पडतंय? पंधरा कशाला घालवा? ती सुटली. उरले आजारी, त्यांच्याने पंधरा होईनात. शिवदास पुन्हा घरोघर फिरला, हात जोडले. पण भिशीतून एकदा लोक उठायला लागले की थांबत नाहीत. दिवाळीला बाईंनी कार्ड बंद केलं.

मी पेढे वाटले नाहीत एवढंच. त्याच आठवड्यात वोरांनी मला बोलावून घेतलं. त्यांचे पैसेवाले पेशंट पाटी बघून गेले ते गेलेच होते, आणि आता समोरून आजारी परत यायच्या बेतात होते. म्हणाले, "काशीराम, आपण पण भावाची पाटी लावू. टिंबं बंद." पाटी लागली. चौतीस घरं परत आमच्या खिडकीशी आली तेव्हा मी त्यांना पाटीकडे बोट दाखवायचो. मालन पाटी वाचून रिकाम्या बाटलीसकट परत गेली. तिला हाक मारायला माझं तोंड उघडलं होतं. पण चिठ्ठीवर टिंबच उरलं नव्हतं.

एका दुपारी शिवदास आला. मला वाटलं, आला आता भांडायला. मी तयारच होतो, उलट वाटच बघत होतो. माझ्या कारस्थानाचा छडा लावायला त्याने रात्रंदिवस माझाच विचार केला असेल, असं मला वाटत होतं.

तो खिडकीशी उभा राहिला. "काशीदादा, चौतीस घरं तुमचं नाव सांगत आली होती."

"मग?"

"मग काही नाही. ज्यांच्यासाठी कार्ड काढलं होतं तेच तुम्ही पाठवलेत. माझे वडील असते तर तेही त्यांतलेच. मला त्यांची घरं माहीत नव्हती, तुम्हाला होती." पुढे म्हणाला, "चालवता नाही आलं मला. निरोगी घरं धरून ठेवायला पाहिजे होती. ते जमलं नाही."

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. हा टोमणा मारतोय की मनापासून बोलतोय? आजही सांगू शकत नाही. टोमणा असता तर मी सुटलो असतो.

"एक विचारू?" तो म्हणाला. "छातीचे इतके पेशंट पाठवलेत. वहिनींना का नाही पाठवलं?"

माझ्याकडे उत्तर होतं. ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं. कार्ड बुडावं म्हणून पाठवलेल्या माणसांना तिथे औषध मिळणार, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं; आणि धोंडूला बघून जेव्हा आलं, तेव्हाही मी घरी बाटलीच नेत राहिलो होतो. मी म्हटलं, "तिला बरं आहे. माझं औषध लागू पडतं तिला."

"उद्या घेऊन या," तो म्हणाला. "कार्ड नाही, पण पाटीवरचे पैसे भराल ना?"

भराल ना म्हणाला, फुकट बघतो म्हणाला नाही. माझा मान ठेवला त्याने. त्याचाही मला हेवा वाटला, आणि मी बरण्या पुसायला वळलो.

दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. रस्ता ओलांडताना सगळी भटवाडी माझ्याकडे बघतेय असं वाटत होतं. प्रत्यक्षात कोणी बघत नव्हतं. प्रेमाने चांगलं लुगडं नेसलं होतं, जसं काही कुणाकडे हळदीकुंकवाला चालली आहे. शिवदासने तिला आत पाठवलं. मी बाहेर बाकावर बसलो. मधे नुसता पडदा होता, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

बाईंनी विचारलं, "रात्री झोप लागते का?"

"कुठली हो," प्रेमा म्हणाली. तिचा आवाज मला ओळखीचा वाटेना, इतकी ती मोकळी बोलत होती. "तीन-चार वेळा उठते. आडवं झालं की दम कोंडतो. मग मोरीपाशी जाऊन बसते."

"किती वर्षं?"

"सात-आठ झाली असतील."

"आणि घरी सांगितलं नाहीत? तुमचे मिस्टर तर कंपाउंडर आहेत."

"म्हणूनच नाही सांगितलं," ती म्हणाली. "ते इतक्या हौसेने बाटली भरून आणतात. लागू पडत नाही म्हटलं असतं तर त्यांना फार लागलं असतं. ते आजूबाजूला असले की मी दम धरून ठेवते."

शिवदास माझ्यापासून दोन हातांवर पुड्या बांधत होता. त्याचे हात थांबले. त्याने ऐकलं होतं. आता हा माझ्याकडे बघणार, असं वाटून मी पाटीवरचे भाव वाचायला लागलो. तपासणी इतके, इंजेक्शन इतके. पुन्हा पहिल्यापासून. आत बाईंनी तिला मोठा श्वास घ्यायला सांगितलं, आणि तिला घेता आला नाही.